मुंबईच्या वर्तुळांत दिनूचा शोध

वाईहून निघताना आईनं दोन माणसांपुरत्या दशम्या बांधल्या. मी एकटीच निघाले होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "अगं, एवढ्या कशाला?" म्हटलं, तर म्हणाली, "तिथे लागल्या तर?" तिच्या डोळ्यांना आता फारसं दिसत नाही, पण माझ्या तोंडावर आलेलं तिला बरोबर वाचता येतं. नाताळच्या सुट्टीत मुंबईचा भूगोल बघायला चालले आहे, असं मी सगळ्या आळीला सांगितलं होतं. मी पडले भूगोलाची मास्तरीण, तेव्हा कुणाला खोटं वाटायचं कारण नव्हतं. खरं कारण होतं माझा धाकटा भाऊ दिनू. दोन वर्षांपूर्वी तो घरातून निघून गेला होता, आणि गेला तो माझ्यामुळे.

झालं असं की दिनू दुसऱ्यांदा मॅट्रिकला नापास झाला. मी रागावले असते, चार शब्द सुनावले असते, तर निभावलं असतं. पण मी अबोला धरला. एका घरात, एका पंगतीला बसून, दोन महिने मी त्याच्याशी एक अक्षर बोलले नाही. 'दिनूला भाकरी वाढ' हेसुद्धा मी आईला सांगायची, आणि तो समोर बसलेला असायचा. माझी अक्कल तेव्हा कुठे चरायला गेली होती देव जाणे! एका सकाळी उठून बघते तर त्याची वळकटी जागेवर नाही. पुढे मुंबईहून एक कार्ड आलं, 'मी बरा आहे, काळजी नको', बस्स. पत्ता नाही, काही नाही. यंदा गणपतीत आळीतल्या एकानं त्याला दादरला, संयुक्त महाराष्ट्राच्या सभेत पाहिल्याचं सांगितलं. तेवढ्या धाग्यावर मी निघाले.

पुण्याला गाडीत बसल्यावर मी वही उघडली. शहरात कोण कुठे राहतं, बाजार कुठे बसतो, कारखाना कुठे उभा राहतो, याला नियम असतात असं विद्वान म्हणतात, आणि माझा विद्वानांवर भारी विश्वास. पहिलं मत वर्तुळांचं. मध्यभागी पेढ्या नि कचेऱ्या, कारण तिथली जमीन सगळ्यांत महाग. तिच्याभोवती कारखाने आणि मोडकळीची घरं, मग कामगार, मग कारकून-मास्तरांसारखी मध्यम माणसं आणि सर्वांत बाहेर बंगलेवाले. कांद्याचे पदर म्हणा ना. दुसरं मत म्हणतं, छे, कांदा कसला, कलिंगड! रस्ते नि रूळ जसे बाहेर धावतात तशा शहराच्या फोडी पडतात आणि एकेका फोडीत एकेका तऱ्हेची वस्ती वाढत जाते. तिसऱ्या मताप्रमाणे शहराला एक मध्य नसतोच, चारपाच असतात, आणि प्रत्येकाभोवती आपापलं गोकुळ जमतं.

मी अटकळ बांधली. दिनू वकिलाच्या कारकुनाचा मुलगा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला, अक्षर बरं. म्हणजे कुठेतरी कारकुनी करत असणार. म्हणजे चौथं वर्तुळ. म्हणजे दादर! सभेतसुद्धा तो दादरलाच दिसला होता की. पुस्तक आणि निरोप असे जुळल्यावर मी इतकी खूष झाले की घाटात थंडीचा वारा अंगात शिरला तरी खिडकी लावली नाही. बोगद्यातून उजेडात, उजेडातून बोगद्यात असं चाललं होतं. अर्धवट झोपेत मला दिनू शाळेच्या पायरीवर बसलेला दिसत होता, आणि मी त्याला हाक मारायला तोंड उघडलं की बोगदा यायचा.

बोरीबंदरला उतरले तेव्हा दिवेलागण होत होती. व्हिक्टोरियात (घोडागाडीत) बसून गिरगावात आत्याकडे गेले. आत्याची चाळ तीन मजल्यांची, लाकडी कठड्यांची. संध्याकाळच्या त्या निळसर उजेडात प्रत्येक खोलीतून वेगळा वास येत होता, कुठे घावनाचा, कुठे उदबत्तीचा, कुठे ओल्या धुण्याचा. आत्यानं पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि दिनूचं नाव न काढता "बरं केलंस आलीस" म्हणाली. मला एकदम रडूच कोसळलं. ही माणसं काही विचारत नाहीत, त्यानंच जास्त लागतं.

जेवण झाल्यावर मी जमिनीवर मुंबईचा नकाशा पसरला. कंपासाचं टोक फोर्टावर ठेवलं आणि वर्तुळं काढायला लागले. आत्याचे यजमान, आमचे काका, जन्मभर बंदराच्या कचेरीत कारकुनी केलेले. ते चष्मा कपाळावर ढकलून बघत होते.

"अगं, तुझं अर्धं शहर समुद्रात गेलं की," ते म्हणाले. "तिथे कोण राहतं, बांगडे?"

"काका, ते तसं धरायचं असतं."

"धर बाई, धर. मीही गिरगावात आहे असं धरून बसलोय. तुझ्या वर्तुळाप्रमाणे मी मोडकळीच्या घरात पडतो."

आत्या ओट्यापासून ओरडली, "पुस्तकानं काय चुकीचं सांगितलंय? गच्ची गळतेय चार वर्षं!"

दुसऱ्या दिवशी रविवार. सभेची माणसं कुठे भेटतात हे काका चौकशी करून सांगणार होते, म्हणून मी पहिलं वर्तुळ पायी बघायला निघाले. फोर्टातल्या दगडी इमारती सुट्टीमुळे बंद होत्या. एवढाल्या रस्त्यावर माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता. सगळ्यांत महाग जमीन, आणि तिच्यावर चिटपाखरू नाही! भिंतींवर मात्र गेरूनं लिहिलेलं होतं, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र'. कुठे कुणी ते पुसलं होतं आणि त्याच्यावरच पुन्हा लिहिलं होतं.

दक्षिणेकडे चालत राहिले, तसा सुक्या मासळीचा वास आला. कुलाब्याच्या त्या अंगाला कोळ्यांची वस्ती होती, काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले, होड्या वाळूत कलंडलेल्या. पाण्यावर ऊन असं पडलं होतं की होड्या तरंगताहेत की टेकल्यात ते कळेना. वहीत मी प्रत्येक तऱ्हेच्या वस्तीला एकेक रंग ठरवून आणला होता, पण या जागेला रंगच नव्हता. मी पेन्सिल चावत उभी राहिले, तशी जाळं शिवणारी एक कोळीण म्हणाली, "काय मापतंस गो बाय?"

"इथे कोण कुठे राहतं ते लिहून घेतेय."

"लिव्ह. आमी हितं पयल्यापासना हाव. ते हाफिसवाले मागना आले." तिनं सुईनंच फोर्टाकडे दाखवलं आणि मला बसायला उलटी टोपली दिली. मी बराच वेळ बसले. खरं सांगू, त्या वाऱ्यात कशाचीच घाई वाटेना. दिनूसुद्धा कधीतरी इथे येऊन बसला असेल, असं उगीच वाटत राहिलं.

सोमवारी ट्रामनं दादरला गेले. ट्राम कशी हळू, डुलत जाते! लालबाग, परळ, चिमण्या (गिरण्यांची धुराडी), सगळं खिडकीतून मागे सरकत गेलं आणि मी त्याच्याकडे धड बघितलंही नाही. आपला दिनू तिथे असणार नाही, याची मला खात्रीच होती ना! दादर अगदी पुस्तकाप्रमाणे निघालं. सरळ रस्ते, झाडं, दारावर पाट्या, गॅलरीत वाचत बसलेले पेन्शनर. मनात म्हटलं, हेच ते. एका उपाहारगृहात थालीपीठ आणि पियूष घेतलं. थालीपिठाला पाच भोकं, प्रत्येक भोकात तेल पाडून कडा खरपूस झालेल्या. ते पुढ्यात आल्यावर तिसरं मत एकदम डोक्यात शिरलं. विद्वानांनी सरळ थालीपिठाचं उदाहरण दिलं असतं तर मला घाटभर डोकं खपवावं लागलं नसतं.

काकांनी सांगितलेली जागा म्हणजे एका वाचनालयाची मागची खोली. तिथे एक चष्मेवाला तरुण कार्यकर्ता सभेची पत्रकं चिकटवायला खळ शिजवत होता. मी दिनूचं नाव सांगितलं, वर्णन केलं.

"वाईचा दिनू? हो, हो. सतरंज्या घालायला येतो. पण ताई, तो दादरचा नव्हे. लालबागवाल्यांबरोबर येतो, त्यांच्याबरोबर जातो."

"लालबागला कुठल्या कचेरीत आहे?"

त्यानं पळी खाली ठेवली. "गिरणीत आहे तो."

मी काय बोलले आठवत नाही. रस्त्यावर आले, एका झाडाखाली उभी राहिले. मला लाज वाटली. भाऊ गिरणीत आहे याची वाटली, खोटं कशाला बोलू? आणि मग ती लाज वाटल्याची त्याहून जास्त वाटली.

मंगळवारी सकाळी लालबागला उतरले. हवेत धूर होता, आणि धुरातून कापसाची बारीक पिसं खाली येत होती, कुणाच्या टोपीवर, कुणाच्या भाजीच्या टोपलीत. चिवड्याच्या भट्टीचा खमंग वास त्यात मिसळलेला. चाळी इतक्या सारख्या की एकाच चाळीभोवती फिरतेय असं वाटावं. मी आपली प्रत्येक जिन्यापाशी आडनाव विचारत होते, खोलीचा नंबर विचारत होते. लोक मान हलवत होते. शेवटी पाय भरून आले तेव्हा एका खाणावळीच्या दारात टेकले. खाणावळ म्हणजे चाळीतलीच एक खोली. अर्ध्या भागात संसार, अर्ध्या भागात ओळीनं पाट. वहीत हिला घराचा पिवळा रंग द्यावा की दुकानाचा तांबडा, ते मला ठरवता येईना. मालकीण चंद्राबाई मालवणकडची, दणकट, कपाळावर मोठं कुंकू.

"आडनाव नको, गाव सांगा," ती म्हणाली. "हंय आडनावान कोण गावता? गाव खंयचो?"

"वाई."

"वायची खोली हंय नाय. खालची गुहागरची, मधली देवगडची, वयली आमची."

तेव्हा मला उलगडा झाला. इथे एकेक खोली एकेका गावानं धरलेली. त्या गावचा माणूस मुंबईत आला की सरळ त्या खोलीत यायचं, भिंतीशी पेटी ठेवायची, खोलीतल्या बैठकीचे नियम पाळायचे. वाईच्या माणसाला इथे कुठलं गाव असणार? माझा धीरच सुटला. पडत्या आवाजात म्हटलं, "उंच आहे हो. डाव्या भुवईवर खोक आहे. दही खात नाही."

"धंय खायत नाय?" चंद्राबाई झारा टाकून उठलीच. "आणि भात कालवच्या आधी मीठ चाखता? तो दिनू! अवो, तो आमच्या गावचो!"

"तुमच्या गावचा कसा? तो माझा सख्खा भाऊ!"

"असात. जिन्यात झोपायचो पोर, तापान फणफणलेलो. बैठकीत ठरला, ह्येका गावात घेवचो. आता आमचो." ती पदर खोचत जिना चढू लागली. "चला. पण रात्रपाळीवालो झोपलेलो असलो तर हाक मारूची नाय हां. ह्यो खोलीचो नियम."

वरच्या खोलीत भिंतीच्या कडेनं पेट्याच पेट्या होत्या आणि दोरीवर सदरे. बाईमाणूस आलेलं बघून दोघेतिघे खाली बघत गॅलरीत निघून गेले. खिडकीशी एका अंथरुणावर कुणीतरी डोक्यावरून चादर घेऊन, भिंतीकडे तोंड करून झोपलं होतं. "ती बघा दिनूची जागा," चंद्राबाई कुजबुजली आणि चुलीवरचा भात लागेल म्हणून पळाली. उशाशी पेटी होती. तिच्यावर दिनूच्याच हातचं, शेपूट लांब ओढलेल्या 'द'चं नाव.

हाक मारायची नव्हती. मी जमिनीवर बसले. खिडकीतून येणारा उजेड धुरकट, पिवळा, आणि पिसं त्यातून सावकाश खाली येत होती. मला वाटलं हे स्वप्नच आहे, आणि ते मोडायच्या आत बोलून घेतलं पाहिजे. मी हळू बोलायला लागले.

"दिनू, जागा होऊ नकोस. नुसतं ऐक. माझं चुकलं रे. तू नापास झालास याचा मला राग नव्हता, मास्तरणीचा भाऊ नापास म्हणून लोक काय म्हणतील याचा होता. अबोला रोज सोडावासा वाटायचा, आणि रोज वाटायचं, आज त्यानं आधी बोलावं. मी मोठी, आणि माझंच मन एवढंसं. आई रोज ताटावर बसली की विचारते, दिनू जेवला असेल का? मला घास जात नाही. काल तू गिरणीत आहेस हे ऐकून मला लाज वाटली, तेही तुला सांगून टाकते, आता काही लपवायचं नाही. घरी ये म्हणायचा मला हक्क नाही. पण मी बोलतेय रे तुझ्याशी. ऐकतोयस ना?"

चादर हलली. चादरीतून पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा उठून बसला, आणि त्याचे डोळे भरलेले होते.

"बाई," तो म्हणाला, "मी दिनू न्हय. मी भिवा."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं! "अहो, पण ही जागा दिनूची..."

"दिनूचीच. आणि माजीपण. तो सकाळपाळीक, मी रातपाळीक. तो उठलो की मी झोपतंय. साडेतीनाक येतलो तो."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुमी बोलत होतात. मदीच कसो उठू? म्हटलंय, बोलान होवंदे."

त्यानं झोपमोड झाल्याची जरासुद्धा कुरकुर केली नाही. खाली जाऊन माझ्यासाठी चहा घेऊन आला. मी नकाशा गुंडाळून ठेवला होता तो त्यानं कौतुकानं उघडून बघितला. मी त्याला सांगितलं, इथे एका जागेला एक रंग द्यायचा असतो. त्याला ते काही पटलं नाही. "दिवसाक येक, राती येक, असा नाय चालत?" त्यानं विचारलं. माझ्या तिन्ही विद्वानांनी नकाशात घड्याळ धरलेलंच नव्हतं. दोन वर्षं ही दोन माणसं एकाच अंथरुणावर झोपत होती, आणि पाळ्या बदलल्या तरी उलटसुलटच. भेट व्हायची ती जिन्यात.

साडेतीनला भोंगा (गिरणीची शिटी) झाला. मग दुसऱ्या गिरणीचा, मग तिसऱ्या. रस्ता माणसांनी भरला. जिन्यावर पावलं वाजली आणि दारात दिनू उभा राहिला. वाळलेला, मिशी फुटलेली, केसांत पिसं. मला पाहिलं आणि तो जागच्या जागी थिजला.

मी उभी राहिले. तोंड उघडलं. आणि काय सांगू, एक शब्द फुटेना! होते नव्हते ते सगळे शब्द सकाळी चादरीवर खर्च झाले होते. मी नुसती त्याच्याकडे बघत राहिले. दिनू खाली बघून म्हणाला, "अजून अबोला आहे का, अक्का?"

मी मान हलवली, हात हलवले, पण आवाज येईना. तो पाठ फिरवून सदरा काढायला दोरीकडे वळला. तेव्हा भिवा मध्ये आला.

"दिनू, हंय बघ. तुज्या अक्कान माका सांगल्यान, ता तुका होता. मी चादरीत होतंय. ती म्हणता, माजा चुकला. म्हणता, राग तुजो नव्हतो, लोकांच्या तोंडाचो होतो. अबोलो सोडूक रोज बघी, पण म्हणी, आज ह्येना आदी बोलूचा. आवस रोज ताटार पुसता, दिनू जेवलो असात काय? हिका घास जाणा नाय. तू गिरणीत म्हणान हिका लाज वाटली, तापण सांगल्यान, लपवक नाय. घराक ये म्हणूचो हक्क नाय म्हणता. पण बोलतंय म्हणता, ऐक." भिवानं थांबून माझ्याकडे पाहिलं. "काय ऱ्हवला काय, बाई?"

काही राहिलं नव्हतं. शाळेत माझ्या एकाही मुलीनं धडा इतका चोख म्हणून दाखवला नव्हता. दिनूची पाठ हलत होती. मी जाऊन त्याच्या केसांतली पिसं काढायला लागले, आणि तो लहानपणी जसा डोकं खाली करायचा तसं त्यानं केलं. "अक्का, तू भिवाकाकाची माफी मागितलीस होय?" तो म्हणाला. "हो रे!" माझ्या तोंडून एकदाचं निघालं, आणि आम्ही दोघं एकदमच हसायला नि रडायला लागलो. गॅलरीतून कुणीतरी चंद्राबाईला हाक मारून सांगितलं, "गे, बोलली!"

संध्याकाळी दिनूनं मला ट्रामपर्यंत पोचवलं. वाटेत चिवडा घेतला. त्यानं गिरणीबद्दल सांगितलं, सभेबद्दल सांगितलं, आणि खोलीतल्या बैठकीचा चिटणीस आपल्याला केलंय हे अगदी सहज सांगितल्यासारखं दाखवून सांगितलं. दिवे लागत होते, धुरामुळे प्रत्येक दिव्याभोवती कडं होतं.

"माघात कृष्णाबाईच्या उत्सवाला येईन," तो म्हणाला. "पण राहायला नाही, अक्का. माझं आता इथे आहे सगळं. मुंबई आपल्याला मिळायचीय अजून."

"राहायला नको येऊस," मी म्हटलं. "पण ये." हे सांगताना मला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

गुरुवारी परतीच्या गाडीत मी पुन्हा वही उघडली. विद्वान चुकले असं म्हणायची माझी छाती नाही. फोर्ट आहे, गिरण्या आहेत, दादरची झाडं आहेत, जमिनीच्या भावानं माणसं पांगतात हे खरंच आहे. पण जमीन इतकी महाग झाली की एका माणसाच्या लांबीरुंदीत दोन माणसं कशी मावतात, आणि मावून घेणारी माणसं तिसऱ्याला गाव कसं देतात, हे मला कुठल्या वर्तुळात बसवता आलं नाही. लालबागचा भाग मी कोराच ठेवला. घाट चढताना मात्र मला गाढ झोप लागली, दोन वर्षांत पहिल्यांदा.

घरी आईला सगळं सांगितलं, चादरीची फजितीसुद्धा. ती हसली नाही. डोळे मिटून ऐकत राहिली, मध्येच "भिवा कधी झोपला मग त्या दिवशी?" एवढंच विचारलं. ते मला कुठे ठाऊक होतं! मग तिनं मला कार्ड आणायला लावलं आणि स्वतः सांगून लिहवलं: "चि. दिनूस अनेक आशीर्वाद. उत्सवाला येशील तेव्हा भिवांनाही बरोबर आण. इथे दोघांना एकाच वेळी झोपता येईल."